कोएन बंधूंची उतरंड : एक हरकत

जोएल आणि ईथन कोएन या अमेरिकन बंधूंच्या चित्रपटांची प्रतवारी लावण्याचा उद्योग गेली कित्येक वर्षे अखंड चालू आहे आणि त्याचा निकाल पाठ केल्यासारखा बहुधा एकच येतो. शिरोभागी 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन', त्याच्या खांद्याला खांदा लावून 'फार्गो', मग चाहत्यांच्या आग्रहाखातर 'द बिग लेबॉव्स्की'. आणि तळाशी 'द लेडीकिलर्स'. तळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माथ्याबद्दल, आणि त्याहूनही, हा माथा ज्या कसोटीने ठरतो तिच्याबद्दल. ही कसोटी उघडपणे कोणी सांगत नाही. कारण सांगितली तर ती फार ओशाळवाणी दिसेल. ज्यात हसू कमी ते श्रेष्ठ आणि ज्यात हसू अधिक ते करमणुकीचे, एवढीच ती आहे. मराठी साहित्यव्यवहाराला ती अपरिचित नाही, म्हणूनच एका परकीय जोडगोळीच्या निमित्ताने तिच्याशी भांडण मांडण्याचे धाडस करीत आहे.

हिशेब प्रथम स्पष्ट असावा. १९८४ च्या 'ब्लड सिंपल'पासून २०१८ च्या 'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज'पर्यंत या दोघांनी मिळून अठरा कथापट केले. लेखन बहुतांशी दोघांचे, दिग्दर्शनही दोघांचेच. परंतु २००४ पर्यंत श्रेयनामावलीत जोएल दिग्दर्शक आणि ईथन निर्माता असे छापले जाई, कारण अमेरिकेतील दिग्दर्शक-संघाच्या नियमांना एका पदावर दोन नावे सहजी खपत नसत. बऱ्याचशा चित्रपटांचे संकलनही ते स्वतःच करीत आणि त्यावर रॉडरिक जेन्स हे सर्वस्वी काल्पनिक नाव घालीत. या अस्तित्वात नसलेल्या गृहस्थांना ऑस्करचे नामांकन दोनदा मिळाले आहे! 'फार्गो'च्या आरंभी ही सत्य घटना असल्याचे गंभीरपणे सांगितले जाते. तेही खरे नव्हे.

अशा खोड्यांमुळे या बंधूंवर 'विक्षिप्त' हा शिक्का बसला. शिक्का प्रेमाने मारलेला असला तरी त्यात एक सोय आहे. एखाद्याला विक्षिप्त म्हटले की त्याच्या म्हणण्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी संपते. प्रतवारी लावणारे मग त्यांच्या अठरा चित्रपटांचे दोन ढीग करतात. एकीकडे 'गंभीर' चित्रपट, ज्यांना पारितोषिके मिळाली. दुसरीकडे 'गमतीचे', ज्यांतील संवाद मित्रमंडळींत म्हणून दाखवावयाचे. या वर्गवारीला जोडूनच एक आरोप येतो आणि तो मात्र गंभीरपणे घेण्याजोगा आहे. कोएन बंधू आपल्या पात्रांकडे उंचावरून पाहतात, मूर्ख माणसे गोळा करून टाचणीला टोचलेल्या किड्यांसारखी मांडून ठेवतात, त्यांचे हसू तुच्छतेचे आहे, असा तो आरोप. हे खरे असेल तर कोणता चित्रपट वर नि कोणता खाली, या चर्चेत अर्थच उरत नाही.

या आरोपाचे उत्तर त्यांनी स्वतःच १९९१ साली देऊन ठेवले आहे, 'बार्टन फिंक' या चित्रपटात. बार्टन हा न्यूयॉर्कचा नाटककार. सामान्य माणसाच्या जीवनातून नवी रंगभूमी उभारण्याची त्याची प्रतिज्ञा आहे. १९४१ साली त्याला हॉलिवूडमध्ये बोलावणे येते आणि कुस्तीवरचा एक चित्रपट लिहावयास सांगितले जाते. एका उबट, भिंतींवरचा कागद सुटून येणाऱ्या हॉटेलात तो पहिल्या वाक्यापाशीच अडून बसतो. शेजारच्या खोलीत विमाविक्रेता चार्ली राहतो : थोराड, घामेजलेला, गप्पिष्ट, म्हणजे बार्टनला हवा असलेला सामान्य माणूस अगदी मूर्तिमंत. चार्ली म्हणतो, माझ्यापाशी सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी आहेत. आणि प्रत्येक वेळी बार्टन त्याला मध्येच तोडून सामान्य माणसाच्या महत्तेवर व्याख्यान देऊ लागतो. अखेरीस चार्लीचे भयंकर रूप उघड होते आणि हॉटेलाला आग लागते, तेव्हा हे सारे माझ्याच वाट्याला का, असे बार्टन विचारतो. चार्लीचे उत्तर थोडके आहे : तू ऐकत नाहीस म्हणून.

कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिकासह दिग्दर्शनाचे आणि अभिनयाचे अशी तीन पारितोषिके मिळाली. तो ज्यांच्यावर उलटला होता त्या वर्गानेच त्याला डोक्यावर घेतले, हा एक निराळाच विनोद. आमच्यासारख्या साहित्य-मंडळांतून जनसामान्यांविषयी जी भाषणे होतात ती ऐकताना मला हा चित्रपट हटकून आठवतो. ते असो. मुद्दा असा की, ज्यांना माणसांकडे तुच्छतेने पाहावयाचे आहे ते असा चित्रपट काढणार नाहीत. आणि याच चित्रपटाने मला उतरंडीची कसोटीही दिली. ज्या माणसाला चित्रपट हसतो, त्याचे म्हणणे तो ऐकून घेतो की नाही, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर 'फार्गो' (१९९६) दुसऱ्या स्थानी बसतो. प्रचलित यादीतही तो बहुधा तेथेच असतो, पण चुकीच्या कारणासाठी. मिनेसोटात बर्फाचा चिखल झालेला. जेरी लंडगार्ड हा मोटारविक्रेता सासऱ्याकडून पैसे उकळण्यासाठी स्वतःच्याच बायकोचे अपहरण करवितो. प्रकरण खुनांवर जाते. आणि सात महिन्यांची गरोदर पोलीस-प्रमुख मार्ज गंडरसन शांतपणे, खात-पीत, त्याचा छडा लावते. चित्रपट आला तेव्हा त्यातील बोली मोठ्या कुतूहलाचा विषय झाली. स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांच्या वंशजांचे ते हेलकावे घेणारे उच्चार, दर चार शब्दांमागे होकाराचा लांबट स्वर, संतापातही न सुटणारी गोडगोड सभ्यता. आपली थट्टा केली म्हणून मिनेसोटातील काही लोक रागावले, आणि उर्वरित अमेरिका त्याच उच्चारांची नक्कल करून हसली.

बोलीवरून हसले जाणे म्हणजे काय, हे बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथल्या मराठी माणसाला शिकवावयास नको. "तुमची मराठी जरा निराळी वाटते" या वाक्यानंतर समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात उमटणारे ते हसू आपल्या पिढ्यांनी पाहिले आहे. मराठी रंगभूमीवर बोली बोलणारे पात्र पुष्कळदा गडी, हवालदार किंवा गावंढळ पाहुणा म्हणून येते. विचार करणारी माणसे प्रमाण भाषेत विचार करतात, असा तेथला अलिखित करार असतो. म्हणून तुच्छतेचा हा आरोप तपासण्याचा आपला अधिकार न्यूयॉर्कच्या समीक्षकाहून मोठा आहे, असे मी मानतो. आणि तपासून पाहता काय दिसते? चित्रपटातील सर्वांत बुद्धिमान व्यक्ती सर्वांत गडद बोली बोलते. त्याच बोलीच्या सभ्यतेआड जेरी आपले खोटे लपवितो आणि त्याच बोलीत मार्ज खरे बोलते. बोली हे इथे मूर्खपणाचे लेबल नाही. ती संपूर्ण भाषा आहे, तिच्यात लबाडीही करता येते आणि न्यायही. कोएन बंधू मिनियापोलिसजवळच्या सेंट लुईस पार्क या उपनगरात वाढले. हे हसू घरातल्या माणसाचे आहे.

'फार्गो'तील एक प्रसंग अनेकांना निरर्थक वाटतो. मार्जला शाळेतला जुना सोबती माइक यानागिता भेटतो, मृत पत्नीच्या आठवणीने रडू लागतो, तिच्या जवळ सरकू पाहतो. पुढे एका मैत्रिणीकडून तिला कळते की त्याने ते लग्न कधी केलेच नव्हते. कथानकाशी याचा संबंध काय, असा प्रश्न विचारला जातो. संबंध असा की, समोर बसून भाबड्या चेहऱ्याने माणूस धडधडीत खोटे बोलू शकतो, हे मार्जला तेव्हा उमगते आणि ती पुन्हा जेरीकडे जाते. आणि शेवट पाहा. इतक्या रक्तपातानंतर चित्रपट संपतो तो पलंगावर. मार्जच्या नवऱ्याने काढलेले बदकाचे चित्र टपाल-तिकिटासाठी निवडले गेले आहे, पण केवळ तीन सेंटच्या तिकिटासाठी. तो हिरमुसला आहे. टपालाचे दर वाढले की लोकांना लहान तिकिटांचीच गरज लागते, असे ती त्याला समजाविते. तुच्छतेने पाहणाऱ्याला हे वाक्य सुचत नाही.

आता 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७). चार ऑस्कर पारितोषिके, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे. कॉर्मॅक मकार्थी यांच्या २००५ च्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट कारागिरीच्या दृष्टीने निर्दोष आहे, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. वाऱ्याचा, बुटांचा, दाराखालून दिसणाऱ्या सावलीचा असा काही उपयोग क्वचितच पाहावयास मिळतो. तरीही मी त्याला पाचवे स्थान देतो. कारण अँटन शिगुर हा नाणे उडवून माणसांचे प्राण ठरविणारा मारेकरी प्रेक्षकाला जे देतो ते फार स्वस्त आहे. नियती, यदृच्छा, अटळता असे भारदस्त शब्द वापरण्याची संधी तो देतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या आपण तत्त्वचिंतन करीत असल्याचा भास निर्माण करतो. लेखांमागून लेख त्या नाण्यावर लिहिले गेले.

गंमत अशी की, बंधूंना स्वतःला हे पुरते ठाऊक होते. कादंबरीत शिगुर जेव्हा मॉसच्या बायकोपुढे नाणे धरतो, तेव्हा ती अखेर कौल मागते आणि हरते. चित्रपटात ती कौल मागण्यास नकार देते. नाण्याचा काही संबंध नाही, हे सारे तूच करतो आहेस, असे त्याला सुनावते. एका साध्या, भेदरलेल्या बाईने त्या सगळ्या तत्त्वज्ञानाची हवा काढून घेतली आहे. चित्रपटातील सर्वांत थोर क्षण हा आहे, आणि तो मूळ कादंबरीहून निराळा आहे. पण यादीकर्ते पेट्रोलपंपावरच्या नाण्यापाशी थांबलेले असतात.

पहिले स्थान 'अ सीरियस मॅन' (२००९) या चित्रपटाचे. यादीत तो सातवा, आठवा, क्वचित त्याहून खाली सापडतो. १९६७ सालचे मिनेसोटातील ज्यू उपनगर, म्हणजे बंधूंच्या स्वतःच्या बालपणाचा परिसर. लॅरी गॉपनिक हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. बायको एके दिवशी सांगते की मला घटस्फोट हवा आहे आणि साय एबलमनशी लग्न करावयाचे आहे. बेकार भाऊ घरातले न्हाणीघर अडवून बसलेला. एक विद्यार्थी उत्तीर्ण होण्यासाठी पैशांचे पाकीट ठेवून जातो आणि त्याचा बाप एकाच वेळी लाच दिल्याचे नाकारतो नि ती घ्या म्हणून धमकावतो. लॅरीची कायमस्वरूपी नेमणूक टांगणीवर असताना समितीकडे त्याच्याविरुद्ध निनावी पत्रे येतात. रेकॉर्ड-क्लबचा माणूस फोनवरून वसुलीसाठी छळतो; मी काहीच केलेले नाही, असे लॅरी म्हणतो, तर काहीच केले नाही म्हणूनच दरमहा रेकॉर्ड पाठविली जाते, असे उत्तर मिळते!

लॅरी तीन धर्मगुरूंकडे जातो. धाकटा त्याला खिडकीतून दिसणारा मोटारतळ दाखवून नव्या नजरेने पाहावयास सांगतो. मधला एक गोष्ट सांगतो : एका दंतवैद्याला परधर्मी रुग्णाच्या दातांच्या आतल्या बाजूस हिब्रू अक्षरे कोरलेली आढळतात, 'मला वाचव' अशा अर्थाची. दंतवैद्याची झोप उडते, तो अर्थ शोधीत फिरतो, काहीच सापडत नाही, आणि हळूहळू त्याचे जीवन पूर्ववत होते. गोष्ट इथेच संपते. मग त्या रुग्णाचे काय झाले, असे लॅरी विचारतो. त्याच्याशी कोणाला काय कर्तव्य, असे गुरुजी म्हणतात. तिसरा, सर्वांत वयोवृद्ध, त्याला भेटतच नाही; तो विचारात गढलेला आहे, असे निरोप्याकडून कळते.

मी हा चित्रपट पाहताना हसतो, प्रत्येक वेळी त्याच त्याच ठिकाणी. आणि प्रत्येक वेळी हेही कळते की माणसाने विचारलेल्या सर्वांत जुन्या प्रश्नाला, निरपराधाच्या वाट्याला दुःख का येते या प्रश्नाला, इतक्या सरळपणे कोणी क्वचितच हात घातला असेल. बायबलातील ईयोबाला निदान वावटळीतून उत्तर तरी मिळाले. इथे शेवटी वावटळ येते, पण ती बोलत नाही. वकिलाच्या बिलासाठी लॅरी अखेर त्या विद्यार्थ्याचे गुण वाढवितो. त्याच क्षणी फोन वाजतो. डॉक्टरांना त्याच्या क्ष-किरण चित्रांविषयी समक्षच बोलावयाचे आहे. तिकडे मुलाच्या शाळेवर चक्रीवादळ चालून येत आहे, आणि तळघराची किल्ली मास्तरांना लागत नाही. चित्रपट संपला. सर्व पात्रांनी ज्याचे बोलणे मध्येच तोडले त्या लॅरीचे म्हणणे या चित्रपटाने शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि खोटे उत्तर देण्याचे नाकारले.

हे गंभीर नव्हे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच घरातले एक उदाहरण आठवावे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक चि. वि. जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते. दुःखाचे मूळ शोधणाऱ्या वाङ्मयाचा हा व्यासंगी एका सामान्य कारकुनावर स्वतःहून न ओढवलेली संकटे कशी कोसळतात हे लिहीत बसला, तर आम्ही त्याला 'विनोदी लेखक' या कप्प्यात घातले, कपाट बंद केले, आणि गांभीर्य इतरत्र शोधावयास निघालो. पाली आणि चिमणराव यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंकाही समीक्षेला फारशी शिवली नाही. लॅरीला सातव्या पायरीवर बसविणारे अमेरिकन यादीकर्ते आणि आम्ही एकाच गोत्राचे आहोत.

तिसरे स्थान 'इनसाइड ल्यूइन डेव्हिस' (२०१३) याचे. १९६१ च्या न्यूयॉर्कमधला लोकगीत-गायक, ज्याच्या जोडीदाराने पुलावरून उडी घेतली आहे आणि ज्याला झोपावयास रोज नवा कोच शोधावा लागतो. इथे कसोटी शब्दशः लागू पडते, कारण हा चित्रपट गाणी पूर्ण ऐकवितो. ती बहुतांशी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायिली गेली आहेत. शिकागोत एका बड्या व्यवस्थापकापुढे ल्यूइन जीव ओतून एक जुने गीत गातो. कोणी मध्ये बोलत नाही. गाणे संपते. यात फारसा पैसा दिसत नाही, असे तो सद्गृहस्थ म्हणतो. गाणे चांगले होते हे आपण ऐकलेले असते. म्हणून ते वाक्य इतके लागते.

'द बिग लेबॉव्स्की' (१९९८) याला त्याच्या भक्तांनीच खाली ओढले. त्याच्या नावाने मेळे भरतात, झगे घालून लोक गोलंदाजीच्या अड्ड्यांवर जमतात, आणि वॉल्टर आपल्या डॉनी नावाच्या मित्राला ज्या वाक्याने पुनःपुन्हा गप्प करतो ते वाक्य मोठ्या चवीने म्हणतात. डॉनीला चित्रपटभर बोलूच दिले जात नाही, आणि शेवटी तो मरतो, त्याची राख कॉफीच्या डब्यातून वाऱ्यावर उधळली जाते ती परत मित्रांच्याच तोंडावर येते, हे त्यांना जाणवत नाही काय? चित्रपटाने जे दुःख म्हणून ठेवले ते त्यांनी घोषणा म्हणून उचलले. मी त्याला सातव्या स्थानी ठेवतो. 'ट्रू ग्रिट' आणि 'मिलर्स क्रॉसिंग' त्याच्या आसपास. 'रेझिंग ॲरिझोना'चा वेग मला अजून आवडतो. 'द हडसकर प्रॉक्सी' हे सुंदर, रिकामे घर आहे, आणि 'इनटॉलरेबल क्रुएल्टी'त त्यांचे मन नव्हते एवढेच म्हणतो. तुच्छतेचा आरोप मला एकाच चित्रपटापुरता मान्य आहे : 'बर्न आफ्टर रीडिंग' (२००८). त्यात मूर्ख माणसे मरतात, वरचे अधिकारी फाइल मिटतात, आणि चित्रपट त्या अधिकाऱ्यांच्याच खुर्चीत बसून हे पाहतो.

२०१८ नंतर बंधू वेगळे झाले. जोएलने २०२१ साली एकट्याने काळापांढरा, कठोर 'मॅकबेथ' केला. ईथनने पत्नी ट्रिशिया कुक यांच्या साथीने 'ड्राइव्ह-अवे डॉल्स' (२०२४) आणि 'हनी डोन्ट!' (२०२५) असे उनाड चित्रपट केले. त्यावरून एक भाऊ गांभीर्य आणि दुसरा विनोद, अशी वाटणी लगोलग करण्यात आली. ही वाटणी म्हणजे पुन्हा तेच दोन ढीग. ज्या चित्रपटांत हसणे आणि रडणे सुटे करता येत नव्हते, त्यांचे वाटप भावाभावांत करून मोकळे होण्याची ही घाई आहे.

या दोघांच्या अखेरच्या संयुक्त चित्रपटाला, 'बस्टर स्क्रग्ज'ला, मी सहावे स्थान देतो, आणि ते त्यातील सहा कथांपैकी एकाच कथेसाठी. हातपाय नसलेला एक तरुण गावोगावच्या थंडीत, गाडीवर उभारलेल्या छोट्याशा रंगमंचावर शेली आणि शेक्सपिअर म्हणून दाखवितो. त्याचा मालक त्याला भरवितो, झोपवितो, टोपी फिरवून नाणी गोळा करतो. दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. प्रेक्षक गावागणिक कमी होत जातात. मग एका गावात मालकाला दिसते की आकडेमोड करणाऱ्या कोंबडीपुढे मोठी गर्दी जमली आहे, आणि तो ती कोंबडी विकत घेतो. पुढे एका पुलावर गाडी थांबते. मालक उतरतो, एक जड धोंडा उचलून नदीत टाकून पाहतो, आणि हसऱ्या चेहऱ्याने गाडीकडे परत येतो. यानंतर दिसते ते एवढेच, की गाडी चालली आहे आणि मागे पिंजऱ्यात कोंबडी एकटीच आहे.